दार आपटून लावा

सुंदराआत्याच्या जीपमध्ये बसलेल्या प्रत्येक माणसानं तिचा ओरडा खाल्ला आहे. मग तो पाहुणा असो, सरपंच असो, नाहीतर कळा सुरू झालेल्या सुनेला घेऊन निघालेली सासू असो. जीपचं डावीकडचं दार हळू लावलं की लागायचं नाही, आणि माणसं हमखास हळूच लावायची. मग आत्या स्टेअरिंगवरचा हात उचलून ओरडायची, "आपटा की! सासुरवाडीला आलाव व्हय, हळू लावायला?" दार धाडकन लागलं की मगच गाडी हलायची.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. जळकोटजवळ हमरस्त्याला लागून तिचं शेत. नवरा गेला तेव्हा ही जीप अंगणात उभी होती आणि दीर म्हणत होते, विकून टाकू, बाईमाणूस काय करणार तिचं. ज्वारी निघाल्यावर मोकळ्या रानात जीप पुढं-मागं करत आत्या आपली आपण चालवायला शिकली, आणि टोमॅटोचे क्रेट भरून तुळजापूरच्या बाजाराला गेली. चावी कायम पदराच्या टोकाला बांधलेली. आयुष्यात एकदाच तिनं गाडी ठोकली, ती एका गोठ्याला. त्यावरही "भिंतच रस्त्यात आली व्हती" हे तिचं म्हणणं शेवटपर्यंत कायम होतं.

मग एकदा नळदुर्गच्या अलीकडं जीप बंद पडली ती पडलीच. मिस्त्री म्हणाला, गिअरबॉक्स गेलाय, इंजिनचंही काम काढावं लागेल, पण केलं तर आणखी काही वर्षं बघायला नको. आत्याचा एकुलता एक मुलगा प्रमोद, त्याचं खताचं दुकान आहे. तो म्हणाला, "आई, किती दिवस ठिगळं लावायची? एसीवाली नवी घिऊ. लोक नावं ठेवायलेत मला."

आत्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "नवी चालवणार कोण?"

"मी हाय की. तू आपली मागं आरामात बस."

"मग जीपच दुरुस्त व्हईल."

एवढं ऐकूनही ज्याला कळलं नाही, तो तिच्या पोटी कसा जन्मला हे मला आजवर उमगलेलं नाही. जीप होती म्हणून कुठं जायचं तर आत्याला कुणाचं तोंड बघावं लागत नव्हतं. मागच्या सीटवर आराम तिनं कधी मागितला होता?

जीप टोचन करून तुळजापूरच्या गॅरेजला नेली. त्यानंतर आत्या रोज विचारायची, "पार्ट आला का रं?" आणि प्रमोद सांगायचा, "सोलापूरहून यायचाय." पार्ट येणारच नव्हता. त्यानं जीप केव्हाच भंगारात दिली होती. कागदावर ती त्याच्या नावानं होती, तेवढं त्याला पुरलं. आईच्या हातची गरम भाकरी ताटात घेत घेत तो हे खोटं बोलायचा. आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

दसऱ्याला आमच्याकडं वाहनं धुऊन पुजतात. तोवर जीप येणार म्हणून आत्यानं आदल्या दिवशी झेंडूचा हार ओवला, जीपच्या मापानं, हातावर मोजून. सकाळी दारात येऊन उभी राहिली ती पांढरी, कोरी गाडी. आत्या पूजेचं ताट घेऊन बाहेर आली.

"जीप कुठाय?"

"ती गेली भंगारात. आई, ही बघ की!"

आत्यानं ताट ओट्यावर ठेवलं, गाडीचं दार उघडलं आणि स्टेअरिंगसमोर जाऊन बसली. "चावी दे."

प्रमोद हसला. जमलेले भाऊबंदही हसले. "तुला न्हाय जमायची ही. नवी हाय, ठोकली म्हंजी?"

मी ओरडले, "दे की चावी! तुला शाळेत कुणी सोडलं रे इतकी वर्षं?" त्यानं चावी खिशात घातली. आत्या उतरली आणि तिनं दार असं आपटलं की लिंबावरचे कावळे उडाले.

"आई, हळू!" प्रमोद किंचाळला.

"सवय हाय," आत्या म्हणाली. हार तिनं नेऊन म्हशीच्या गळ्यात घातला.

तेव्हापासून ती फाट्यावर उभी राहून एसटीनं जायची. प्रमोद गाडी थांबवून हॉर्न वाजवायचा, आणि ही दुसरीकडं तोंड करून एसटीची वाट बघायची.

गेल्या उन्हाळ्यात तिच्या छातीत दुखायला लागलं. मी तिथंच होते. घरात दुसरं वाहन नव्हतं. प्रमोदच्या गाडीत, मागच्या सीटवर माझ्या मांडीवर डोकं ठेवून तिला सोलापूरला नेलं. दवाखान्याच्या दारात ती कुणाचा हात न धरता उतरली आणि वळून दार आपटायला गेली. हातात जोर उरला नव्हता. दार अर्धवट राहिलं, गाडी टीं टीं वाजत राहिली. प्रमोदनं येऊन ते हळूच लावलं.

आत्या त्याच्याकडं बघत म्हणाली, "बसवलंसच मागं."

तिथून ती परत आली नाही.

आता प्रमोद आल्यागेल्याला सांगतो, नवी गाडी होती म्हणून आईला वेळेत नेता आलं. लोक माना डोलावतात. कधी मलाही त्याच्या गाडीत बसावं लागतं. मी बसते आणि दार आपटते.

"अक्का, हळू," तो म्हणतो.

मी दार पुन्हा उघडते आणि पुन्हा आपटते.