जोशींचा एकच देव

एका टेबलावर रोज जेवलं की किस्से साठतातच. चेन्नईजवळ गुम्मिडिपूंडीच्या आमच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये साठलेले निम्मे किस्से एकट्या जोशींचे. मूळचे साताऱ्याचे, आमच्या डिझाइन ऑफिसचे साहेब आणि भलते हट्टी. देव एकच आहे, हे त्यांना तर्काने सिद्ध करायचं होतं!

*

पहिल्याच दिवशी त्यांनी मला पकडलं. “समज, देव दोन आहेत. एक म्हणतो पाऊस पाडू, दुसरा म्हणतो नको. ज्याचं चाललं नाही, तो कसला देव?”

“आणि दोघांचं पटलं तर?”

“मग दुसरा हवा कशाला?”

माझं रसम गार झालं.

*

आमच्याच टेबलावरचे राव तंजावरचे मराठी. मंगळवारी मुरुगन, शनिवारी मारुती. जोशी त्यांना म्हणाले, “अख्ख्या जगाला नियम एक, म्हणजे डिझायनर एक!”

“अय्यो सार, आपल्या साध्या ब्रॅकेटच्या ड्रॉइंगला तीन सह्या लागतात. काढणारा, तपासणारा, मंजूर करणारा!”

तिसऱ्या दिवशी जोशी आल्या आल्या म्हणाले, “देवाचं ड्रॉइंग तपासावं लागत नाही!”

*

पुढचा मुद्दा. “दोन्ही देव परिपूर्ण, म्हणजे फरक शून्य. मग दोन म्हणता कसे?”

रावांनी जोशींच्या ताटाकडे बोट केलं. “सार, ह्या दोन इडल्यांत फरक काय?”

“काहीच नाही.”

“मग एक मी घेतो!”

“इडली जागा व्यापते, देव नाही!” म्हणत जोशींनी ताट ओढून घेतलं.

*

मग त्यांची मुलगी मुग्धा, चेन्नईत शोळिंगनल्लूरला सॉफ्टवेअरमध्ये असलेली, अँटनीशी लग्न करते म्हणाली. जोशी भडकले, “त्यांचा देव वेगळा!”

“बाबा, आता दोन कुठून आले?”

त्या दिवशी जोशींनी ताटच घेतलं नाही. आम्हाला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी म्हणाले, “पोरीचं बरोबर आहे. लग्नाला माझा होकार. आता माघार नाही.”

*

पण अँटनीचे वडील कट्टर ख्रिश्चन, आता त्यांचा नकार. त्यांच्या होकाराशिवाय मुग्धा लग्नाला उभी राहणार नव्हती. जोशी मुग्धाला आणि रावांना घेऊन सलग तीन रविवार त्यांच्या घरी गेले. देव एकच, यावर दोघांचं एकमत. लग्नाचं नाव काढलं की नकार!

तिसऱ्या रविवारी जोशी म्हणाले, “आपण त्यालाच विचारू.”

दोघे डोळे मिटून बसले. राव सांगतात, मुग्धा दारात उभी होती, श्वाससुद्धा घेत नव्हती. पाच मिनिटांनी दोघांनी डोळे उघडले.

“मला ‘हो’ म्हणाला,” जोशी म्हणाले.

“मला ‘नाही’ म्हणाला,” अँटनीचे वडील म्हणाले.

जोशींनी खुर्ची पुढे ओढली. “एकच देव दोन उत्तरं देणार नाही. मी बसतो. तुम्ही पुन्हा विचारा!”