मुका शेक

देवरूखच्या सगुणा शिवगण यांनी एसटीत कंडक्टर म्हणून नोकरी केली. "पास घरी राहिला" म्हणणारी कॉलेजची पोरं, मिसरूड फुटलेल्या मुलाचं हाफ तिकीट मागणाऱ्या आया, सगळं बघून झालेलं. निवृत्त झाल्या तरी समोरचा सांगतो ते लगेच खरं मानायचं नाही, ही सवय काही सुटली नाही.

त्यात उजवा खांदा धरला. हात कानापर्यंतही जाईना. सून आर्या अंबाडा घालून द्यायची, ते त्यांना आवडायचं नाही. डॉक्टरांनी फिजिओथेरपी सांगितली, म्हणून त्या बाजारामागे श्रद्धा या तरुण फिजिओथेरपिस्टच्या दवाखान्यात गेल्या.

श्रद्धाने खांद्यावर गार जेल लावलं आणि मशीनचं गुळगुळीत गोल तोंड त्यावर फिरवायला लागली.

"मला काय लागत नाय," सगुणाबाई म्हणाल्या.

"नाहीच लागणार, मावशी. फार तर किंचित ऊब वाटेल."

शेजारच्या खाटेवर भिकाजी म्हणून एक गृहस्थ होते. त्यांच्या कमरेला करंटचं मशीन लावलेलं. "मला तर मुंग्या येतायत," ते म्हणाले.

"मग मला का नाय येत?"

"त्यांचं मशीन वेगळं. हे अल्ट्रासाउंड. कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजाचा शेक."

म्हणजे ऐकू येत नाही, दिसत नाही, लागतही नाही. घरी येऊन सगुणाबाई आर्याला म्हणाल्या, "पोरगी बंद मशीन फिरवते माझ्यावर."

दुसऱ्या खेपेला त्यांनी सरळ विचारलंच. श्रद्धाने मशीनचं तोंड उलटं धरलं, त्यावर पाण्याचे थेंब टाकले आणि बटण दाबलं. पाणी थरथरलं, बारीक तुषार उडाले.

"आता पटलं?"

"आजच्यापुरतं."

मग त्या प्रत्येक खेपेला पाणी टाकायला सांगू लागल्या. श्रद्धा वैतागली. "मावशी, रोज काय?"

"कालचं तिकीट आज चालत नाय गो."

पुढे पुढे गर्दीचं कारण सांगून श्रद्धा टाळायला लागली. सगुणाबाईंचा संशय आणखी वाढला. मात्र तिने शिकवलेला व्यायाम त्या नेमाने करत होत्या. भिंतीवर बोटं चढवत न्यायची, दुखलं की थांबायचं, परत चढवायची. हात हळूहळू वर जायला लागला. एका सकाळी त्यांनी आर्याला हाक न मारता अंबाडा घातला.

त्याच दिवशी दवाखान्यात त्या अडून बसल्या. "आज पाणी टाक. नायतर मी चालले."

श्रद्धाने थेंब टाकले. मशीनवर आकडे दिसत होते, वेळ सरकत होती, पण पाणी जागचं हललं नाही. तिने वायर काढून परत लावली. तरी नाही. तिचा चेहरा उतरला.

"कधीपासून बंद हाय?"

"माहीत नाही, मावशी. मीच तपासायला हवं होतं. चुकलं माझं."

सगुणाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. सबबी सांगणारी माणसं त्यांना लगेच ओळखू यायची. ही सबब सांगत नव्हती.

"मग माझा हात वर कोणी नेला?"

"तुम्हीच, व्यायामाने. या शेकाचा नेमका किती उपयोग होतो, याबद्दल आमच्यातही एकमत नाही. आम्ही जोडीला देतो."

"हे आधी का नाय सांगितलंस?"

"मशीन लावलं नाही तर लोक म्हणतात, हिने काही केलंच नाही. परत येत नाहीत."

सगुणाबाईंना राग आला होता, पण हे मात्र त्यांना पटलं.

मशीन दुरुस्त होऊन आलं, तरी त्यांनी ते परत लावून घेतलं नाही. नुसत्या व्यायामाला जात राहिल्या.

महिन्याभराने शेजारची कमळा गुडघा धरून आली. "त्या श्रद्धाकडे जाऊ का? पोरगी खरी हाय ना?"

"विचारलंस तर ती खरं सांगते," सगुणाबाई म्हणाल्या. "पण विचार."