मडक्यात न मावलेली टर्की

अख्ख्या टर्कीची चपाती करता येते, हे मी सासुरवाडीत सर्वांसमक्ष सिद्ध केलेलं आहे.

एकोणीसशे पन्नासनंतरची गोष्ट. माझी बायको हिरा भावाच्या लग्नाला गव्हाणला माहेरी गेली, ती तिकडेच राहिली. मांडव उतरला, पाहुणे पांगले, तरी सासरे तिला पाठवेनात. त्यांचा निरोप आला, "पोर तुमच्याकडं वाळली. पनवेलीत काय खायला घालता तिला?" (हिरा लग्नाच्या आधीपासूनच सडपातळ! पण हे सासऱ्यांना सांगणार कोण?) इकडे मला घर खायला उठलं होतं. करमत नव्हतं, खरंच करमत नव्हतं.

तेवढ्यात आमच्या कचेरीतल्या साहेबांची बदली झाली आणि जाताना त्यांनी आपली पाळलेली टर्की, चार कोंबड्यांएवढा विलायती पक्षी, माझ्या हवाली केली. "अख्खी शिजवायला अर्धा दिवस जातो," ते म्हणाले. "पाठीचा कणा काढा, उताणी घाला आणि दाबून सपाट करा. लवकर शिजते, आणि सगळीकडून सारखी." मी टर्की घेऊन गव्हाणची बस धरली. खिडकीची जागा तिनेच घेतली.

"मामा, आमच्याकडं हे असं खाणं असतं," मी सासऱ्यांना ठोकून दिलं. हिराने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावला.

"मग सांजच्याला पोपटी लावू," सासरे म्हणाले. पोपटी म्हणजे मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी आणि कोंबडीचे तुकडे भरायचे, मडकं पालथं घालायचं आणि भोवती पेंढा-काटक्यांचा जाळ करायचा.

मेहुण्याने टर्की साफ करून आणली. "तुकडं करू?"

"छे! अख्खीच. मी करतो."

त्या घरात जावयाचा शब्द कुणी मोडत नसे. तिथेच घात झाला.

कोयत्याने कणा काढला. उताणी घालून दोन्ही हातांनी दाबली. ढिम्म हलेना! मग मी अंगण चोपायचं चोपणं मागितलं. सासूबाईंनी ते धुऊन आणून दिलं, आणि मी टर्की चोपू लागलो. हाडं कडाकडा मोडली. बघणारे मयताला जमल्यासारखे हात बांधून उभे होते. अखेर ती अशी सपाट झाली, की साहेबांनी पाठ थोपटली असती. मग माझं लक्ष मडक्याकडे गेलं. मडक्याचं तोंड वीतभर, आणि टर्की सुपाएवढी. सगळ्यांनी टर्की पाहिली, मडकं पाहिलं आणि मग जावयाचा मान राखून आभाळाकडे पाहिलं.

"घडी घालून बगता का?" सासूबाईंनी अदबीने विचारलं.

मी घडी घालूनही पाहिली.

"खुराड्यावरचा पत्रा काढ रं," सासरे मेहुण्याला म्हणाले. पत्रा निघाला, तशा खुराड्यातल्या कोंबड्या गावभर झाल्या. टर्की पत्र्यावर पसरली. पण पेंढ्याचा जाळ तो! भडकला आणि विझला. साहेबांचं म्हणणं मात्र खरं ठरलं. टर्की सगळीकडून सारखी झाली होती; वरून सारखी करपलेली, आतून सारखी कच्ची.

तरी ती वाढली गेली. सगळे मान खाली घालून चावत राहिले. बराच वेळ चावत राहिले. शेवटी चुलतसासूबाई शेजारणीला म्हणाल्या, "तरीच पोर वाळली."

बायकोला न्यायला आलो होतो, आणि तिला का पाठवू नये याचा पुरावा स्वतःच्या हाताने रांधून वाढला होता! हिराकडे बघायचाही धीर होईना.

सासरे उठले. हात धुतले, चूळ भरली, पुन्हा एकदा चूळ भरली.

"हिरा, बोचकं बांध. सकालच्या गाडीनं जा यांच्यासंगती."

"पन आबा, तुमीच तं म्हनत व्हता..."

"व्हतो म्हनत. पन तू नाय गेलीस, तं जावायबापू परत येतील. आनि रांधतील."

हिरा आली. सासऱ्यांनी माझ्या कर्तृत्वावर उभ्या जन्मात दाखवलेला हा एवढाच विश्वास.