गालावरचा दगड

गरम दगड कुनाच्या पाठीवर ठेवायच्या आदी ती तो आपल्या गालाला लावायची. डोळे मिटून, फोनवर कुनाचं ऐकू लागल्यावानी. मग म्हनायची, "हां, झाला मानसाजोगा."

ही सवय माझी. म्याच तिला लावली. तिचं नाव घेत न्हाई, नावाची काई गरज बी न्हाई.

मी लातूरजवळच्या मुरुडात बाळंतिनी शेकत आले. शाळा दुसरीपर्यंत. मालक लवकर गेले, दोन पोरींची लग्नं ह्याच हातांवर केली. मांजरा नदीच्या पात्रातले नऊ काळे दगड हायत माझ्याकडं, पान्यानं गुळगुळीत झालेले, आन् चार पांढऱ्या गारगोट्या. काळे दगड चुलीवर पातेल्यातल्या पान्यात तापवायचे, गारगोट्या माठात बुडवून ठेवायच्या. तेल लावून आदी गरम दगड फिरवायचा, आखडलेलं अंग सैल झालं की मागून गार गारगोटी, म्हंजे ठनका थांबतो. तुमच्यातल्या कुनी तरी आजीच्या हातून तसलं करून घेतलं असंल.

ती आमच्या गल्लीतल्या वान्याची सून. दुकानातली पोती उचलून कंबर धरली व्हती. वाकून चालत आली आन् म्हन्ली, "मावशी, ह्या कमरीचं करा काई तरी. सासू म्हन्ती, नाटक करू लालीस."

म्या म्हन्लं, "सासूला बी घेऊन ये. दोगींचं नाटक उतरवते."

कंबर धरून हासली. तीन आठवड्यांत सरळ झाली, आन् तिथून पुढं रोज यायला लागली, शिकायला.

पयल्या दिवशी दगड हातात घेऊन बघू लागली, तवा म्या हातावर चापट मारली. "हाताला काय विचारतीस? जलमभर भाकरी उलटून हाताचं कातडं मेलेलं असतंय. हात खोटं बोलतो. गालाला विचार." तिनं लावला गालाला, "अगं बया" म्हन्ली आन् टाकला खाली. पन परत विसरली न्हाई.

हाताला गुन व्हता तिच्या, खोटं कशाला बोलू. बाई पालथी झोपली की नुसत्या श्वासावरून वळखायची कुठं दुखतंय ते. आन् बोलनं गुळावानी. मी पानी आनायला उठले तरी म्हनायची, "मावशी, तुमी नुसतं बसा. मी हाय ना."

मग तिनं लातूरला खोली घेतली. बोर्ड, पडदे, उंच पलंग. मी दगड फडक्यात बांधून रोज सकाळच्या एस्टीनं जायची. शिकलेल्या बाया यायच्या. त्यास्नी ती सांगायची, "ह्या माझ्या गुरू." मला ओशाळल्यावानी व्हायचं. पन बरं वाटायचं. म्हातारपनी कुनी असं पुढं बसवलं नव्हतं.

पुढं विजेचा डबा आला. त्यात दगड घालायचे, वर आकडा दिसायचा. म्हन्ली, "मावशी, आता गालाचं काम न्हाई. आकडा सांगतो."

"आकड्याला कातडं हाय का?" म्या म्हन्लं. ती हासली. मी मातर गालाला लावतच राहिले.

एक दिवस शाळंतल्या एक बाई आल्या. पालथ्या झोपल्या व्हत्या. मी मागं माठातून गारगोट्या काढत व्हते. तेवढ्यात बाईंचं वरडनं ऐकू आलं. हिनं डब्यातला दगड काढून सरळ खांद्याखाली ठेवला व्हता. दगडाएवढाच फोड आला, जसाच्या तसा. पालथ्या बाईंना काय दिसनार, दगड कुनी ठेवला ते? ठाव फकस्त आमा दोगींला.

दुसऱ्या दिवशी बाईंचा नवरा आला. आवाज चढवला न्हाई. नुसतं विचारलं, "कुनी ठेवला?"

तिनं माझ्याकडं बघितलं न्हाई. म्हन्ली, "मावशीनं. वय झालंय हो त्येंचं. हाताचं कातडं मेलंय, गरम-गार कळत न्हाई."

माझंच शिकवलेलं. माझ्याच अंगावर ठेवलं.

म्या दगड फडक्यात बांधले. वाटलं, घाबरलीय, खोली बंद पडंल म्हनून. चार दिवसांनी सोता जाऊन खरं सांगंल. दगड मांडीवर घेऊन एस्टीनं घरी आले. चार दिवस गेले, महिना गेला. बात मुरुडात पोचली. शेजारच्या आजीची नात बाळंतपनाला आली. तिच्या आजीला म्या शेकलेलं, आईला म्या शेकलेलं. त्यांनी दुसऱ्या गल्लीतली बाई बोलावली. आजी भिंतीपल्याडून म्हन्ली, "राग मानू नको गं. कवळं अंग हाय पोरीचं."

म्या म्हन्लं, "न्हाई मानत." आन् चुलीवर ठेवलेलं पातेलं उतरवलं.

पुढं तिला नांदेडला मोठी जागा मिळाली. जायच्या आदल्या दुपारी लातूरवरून आली. कंबर धरून, पयल्या दिवसावानी वाकलेली. "मावशी, सामान बांधून बांधून धरली बघा."

म्या चटई टाकली, पातेलं ठेवलं. मनात म्हन्लं, पालथी झोपली की तोंड दिसत न्हाई. बोलायला सोपं जाईल तिला.

दगड काढला, पुसला. गालाला लावनार, तेवढ्यात तिनं मान वळवली. "मावशी, लई गरम तर न्हाई ना?"

इतक्या वर्सांत हे मला कुन्या बाळंतिनीनं विचारलं नव्हतं. तिनं आळ घातला ते एक. पन तिला वाटलं, मी तिची पाठ भाजीन.

म्या दगड तिच्या हातात दिला. "घे. तूच बघ."

ती उठून बसली. दगड गालाला लावला. डोळ्याचं पानी दगडावरून वघळलं. मी वाट बघितली. तिनं एवढंच म्हनायचं व्हतं, जाते त्या बाईंकडं, सांगते. न्हाई तर नुसतं शेजारच्या आजीला. दगड गार झाला तरी तिनं गालावरून काढला न्हाई, आन् तोंडातून शब्द बी काढला न्हाई. एस्टीची येळ झाली तसा दगड पातेल्यात ठेवला, पदर सारखा केला आन् गेली. कंबर तशीच.

नांदेडवरून येनाऱ्या बाया सांगतात, तिकडं तिचं बरं चाललंय. आन् दगड ठेवायच्या आदी गालाला लावती म्हने, डोळे मिटून.

कुनी शिकवलं म्हनून सांगती, ते मातर मी त्यास्नी विचारत न्हाई.