घरी कधी पाठवायचं हे कोण ठरवणार?

डॉ. चौबळ सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त त्यांच्याविषयी चार गोड शब्द लिहावेत, असा संपादकांचा आग्रह. इतकी वर्षं सरांच्या हाताखाली काढल्यावर गोड शब्द आणू कुठून? डोकं पिकवलंय त्यांनी माझं!

मालाडच्या त्यांच्या नर्सिंग होममध्ये मी मुलाखतीला गेले, तेव्हा माझी प्रमाणपत्रांची फाइल त्यांनी उघडलीसुद्धा नाही. "दाखल करून घ्यायला कोणालाही येतं. पेशंटला घरी पाठवायला जमेल?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं आणि अडकले ती कायमची.

सरांची एक रीत आहे. कोणालाही दाखल करायचं असेल, तर डॉक्टरांनी खाटेपाशी उभं राहून, रुग्ण आणि नातेवाईक ऐकत असताना, एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं: हा माणूस आज घरी गेला तर काय होईल? एकदा जवळच्या मढ गावच्या एक कोळी मावशी तापाने फणफणत आल्या. मी त्यांना दाखल करायला निघाले, पण उत्तर देताना अडखळले. सरांनी त्यांना नीट तपासलं आणि गोळ्या देऊन घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी सगळी ओपीडी माझ्या गळ्यात टाकून स्वतः मढला त्यांना बघायला गेले! मावशी बऱ्या होत्या. सर परतले ते सुक्या बोंबलांची पिशवी घेऊन, आणि ती त्यांनी ठेवली माझ्या टेबलाखाली.

पुढे एक कंपनी नर्सिंग होम विकत घ्यायला आली. मला प्रमुख डॉक्टरांचं पद, नवी यंत्रं आणि मुख्य म्हणजे चालणारी लिफ्ट मिळणार होती. मी हरखून गेले. सर जागा, यंत्रं, नावाची पाटी, सगळं द्यायला तयार झाले. फक्त करारात त्यांना एक वाक्य हवं होतं: कोणाला दाखल करायचं, कोणत्या तपासण्या करायच्या आणि घरी कधी पाठवायचं, हे उपचार करणारे डॉक्टर ठरवतील, मालक मध्ये पडणार नाही.

कंपनीचे तरुण वकील हसले. "सर, डॉक्टरांचं स्वातंत्र्य नियमांत आहेच ना. परत कशाला लिहायचं?"

"आहेच, तर लिहायला काय जातंय?"

"मॅनेजमेंटला थोडी मोकळीक लागते, सर."

"लागणारच. हॉस्पिटलचा मालक कोणीही होऊ शकतो, कायदा अडवत नाही. पण उद्या काही चुकलं, तर डॉक्टरकीची नोंदणी कोणाची जाईल? तुमच्या मॅनेजरला नोंदणीच नाही. जाईल ती हिची." आणि सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

व्यवहार फिसकटला. "सर, एका वाक्यासाठी माझ्या करिअरची वाट लावलीत," मी फणकाऱ्याने म्हटलं.

"तुझ्यासाठीच मागत होतो ना गं ते."

मला तेव्हा ते अजिबात पटलं नाही. निर्णय फिरवायला लावणारा मालक नामानिराळा राहतो आणि सही करणारा डॉक्टर कचाट्यात सापडतो, हे मी नंतर मित्रमैत्रिणींच्या बाबतीत पाहिलं. त्याचा संताप आजही जात नाही. आमची लिफ्टही अजून बंदच आहे.

गेल्या महिन्यात छातीत दुखतंय म्हणून सर स्वतःच्याच नर्सिंग होममध्ये आले. मी त्यांना ठेवून घेतलं. सकाळी बघते तर चपला घालून खाटेवर तयार!

"मी निघतो. सत्कार समितीची बैठक आहे."

"रिपोर्ट यायचेत, सर."

"अगं, हॉस्पिटल माझं आहे!"

माझा पाराच चढला. "हॉस्पिटल तुमचं, पेशंट माझा. मालकाने मध्ये पडायचं नाही. आणि आता सगळ्यांसमोर सांगा, आज घरी गेलात तर काय होईल?"

शेजारच्या खाटेवरचे आजोबा कान देऊन ऐकत होते. सरांनी चपला काढून खाटेखाली सरकवल्या. "आता करारात ते वाक्य नसलं तरी चालेल. हे हॉस्पिटल मी कोणालाही विकायला मोकळा," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. माझेही.

सर आता ठणठणीत आहेत. त्यांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, आमचं डोकं पिकवत त्यांनी शंभरी गाठावी. त्याआधी कुठे निघालेच, तर सोडायचं की नाही ते मी ठरवणार.