ताईचा डावा हात

भावोजींचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात जेवणाचा डबा उघडत होतो. "अरे, हिला बघ ना काय झालंय… बोलतच नाहीये," एवढंच म्हणाले. मी मीरा रोडला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. ताई पलंगावर नेहमी झोपते तशीच झोपली होती, कुशीवर, आणि डॉक्टर खाली रिक्षात बसत होते. पुढचे तेरा दिवस शांती नगरच्या त्या दोन खोल्यांत माणसं येत राहिली. आलेल्या प्रत्येकाची नजर कोपऱ्यातल्या कीबोर्डवर जायची, मग माझ्यावर, आणि मग ते वाक्य यायचं. "पण भावाने हौस पुरवली हो तिची." कुणी जरा पुढे जाऊन म्हणायचं, "असा भाऊ असावा." मी हात जोडून मान हलवायचो. दुःखात माणूस बोलत नाही, असा लोकांनी त्याचा अर्थ लावला. आज सात आठवडे झाले, ते वाक्य अजून ऐकतोय, आणि आता मला त्याचा संताप यायला लागलाय. बोलणाऱ्यांचा नाही. त्यांना काय माहीत!

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आमच्या परळच्या खोलीत बाबांची पेटी होती. बाबांनी पेटीवर मला बसवलं, कारण मी मुलगा. दोन वर्षं मास्तर यायचे आणि दोन वर्षांत मी अलंकारांच्या पुढे गेलो नाही. ताईला कुणी शिकवलं नाही. मास्तर गेले की ती पेटी ओढून घ्यायची आणि मला जे जमलं नाही ते वाजवून दाखवायची, आणि वर हसून म्हणायची, "असं होतं ते, बावळटा." तिच्या मनात काही नसायचं. माझ्या मनात राहिलं. पुढे तिचं लग्न झालं, ती मीरा रोडला आली, आम्हीही मुंबई सोडून शेजारच्या भाईंदरला, गोडदेवला आलो. पेटीचे सूर बसले होते, ती तिथल्याच खारी गावातल्या एका देवळात देऊन टाकली. ताई शाळेच्या ऑफिसात क्लार्कची नोकरी करत राहिली. तीस वर्षं तिच्या घरात वाद्य नव्हतं, आणि ही गोष्ट आमच्यापैकी कुणाच्या लक्षातसुद्धा आली नाही.

ती निवृत्त झाली त्या वर्षीच्या भाऊबीजेला मला ओवाळून झाल्यावर तिने ताट खाली ठेवलंच नाही. म्हणाली, "यंदा मी मागणार आहे हं."

"माग की."

"कीबोर्ड."

माझी बायको हसली. "ताई, ऑर्केस्ट्रात जाताय की काय?"

"जाणारच आहे. जागा रिकामी आहे."

खरंच रिकामी होती. भाईंदरमध्ये हौशी मंडळींचा सुगम संगीताचा एक ग्रुप होता, वर्षाला चार-पाच कार्यक्रम करायचा. त्यांचा कीबोर्डवाला पुण्याला गेला होता. ग्रुप चालवणारे नाईक सर ताईला म्हणाले होते, वाद्य घेऊन या, बघू. तिने कॅलेंडरच्या मागे सगळं लिहून ठेवलं होतं. पट्ट्या पेटीच्या पट्ट्यांएवढ्या रुंद हव्यात, खेळण्यातल्यासारख्या नकोत. हेडफोन लावायची सोय हवी, कारण भावोजींची रात्रपाळी, ते दिवसा झोपतात. मंडपात वीज जाते म्हणून सेलवर चालायला हवा. एकटीला उचलून रिक्षात ठेवता आला पाहिजे. आणि शेवटची अट, जिच्याखाली तिने दोन रेघा ओढल्या होत्या… दाबू तसा आवाज. हळू दाबलं तर हळू, जोरात दाबलं तर मोठा. दुकानदार त्याला टच म्हणतात. मला त्याचं महत्त्व कळेना, तेव्हा तिने समजावलं. "पेटीला भाता असतो ना, डाव्या हातात. त्याच्यावर सूर लहानमोठा होतो. याला भाता नाही, म्हणजे बोटांनीच करायला हवं सगळं. नाहीतर भोंगाच तो."

स्टेशनजवळच्या दुकानात आम्ही दोघं गेलो. दुकानदार तिच्याकडे न बघता मलाच म्हणाला, "सर, आंटी को सीखना है ना? टच-वच की क्या जरूरत?" ताई म्हणाली, "आंटी को बजाना है, भैया. सीखके बैठी है." तिने मांडणीतला एक कीबोर्ड लावायला सांगितला आणि एकच पट्टी तीनदा दाबली, दर वेळी आणखी हळू. तिसऱ्यांदा तर सूर जेमतेम ऐकू आला. माझ्याकडे वळून म्हणाली, "बघ, ऐकतोय माझं." तो नमुन्याचा होता, नवा मागवावा लागणार होता. दहा दिवसांनी मी जाऊन आणायचा असं ठरलं.

आता जे मी चार वर्षांत कुणालाही सांगितलं नाही ते सांगतो. दहा दिवसांनी मी एकटा गेलो तेव्हा खोका काउंटरवर तयार होता. शेजारी दुकानदाराने दुसरा एक मांडून ठेवला होता. दिसायला तसाच, उलट जास्त दिवे, जास्त ताल, जास्त आवाज, किंमत कमी. टच मात्र नव्हता. फरक मला सहज परवडणारा होता, त्यामुळे पैशाची सबब मी सांगणार नाही. मी मनात म्हटलं, या वयात दोन महिने वाजवेल, मग त्याच्यावर इस्त्रीचे कपडे पडतील. हे मी स्वतःला सांगितलं. त्याच्याखाली जे होतं ते मला तेव्हाही दिसत होतं. परळच्या खोलीतला तो मुलगा अजून पेटीसमोर बसलेला होता आणि त्याला वाटत होतं, हिला एवढं चांगलं कशाला पाहिजे? मी दुसरा उचलला. ताईला म्हणालो, "तुझं ते मॉडेल कंपनीने बंद केलं." तिने खोका उघडला, एक पट्टी हळू दाबली, मग जोरात दाबली. पट्टीवरून बोट काढलं. मग म्हणाली, "असू दे रे. तू धावपळ केलीस ना."

इस्त्रीचे कपडे पडले नाहीत. तीन महिन्यांत ती मोबाइलवर बघून बघून दोन्ही हातांनी वाजवायला लागली. उजव्या हाताने गाणं, डाव्या हाताने एकदम तीन-तीन सूर धरायचे. मी एका दुपारी गेलो तेव्हा कानाला हेडफोन लावून ती वाजवत होती. आवाज काहीच येत नव्हता, नुसती बोटं दिसत होती, दोन्ही हातांची. मी हे डोळ्यांनी पाहिलेलं आहे, म्हणून लिहून ठेवतोय. पुढे सगळे म्हणाले की तिला दोन हातांनी येतच नव्हतं.

पहिला कार्यक्रम भाईंदरच्या एका हॉलमध्ये होता. मी तिसऱ्या रांगेत. पहिलंच गाणं एका वयस्कर काकूंचं, आवाज गोड पण सुतासारखा बारीक. ताईने सुरुवात केली आणि काकू ऐकूच येईनात. जिथे काकू हळुवार व्हायच्या तिथेही कीबोर्ड तेवढाच मोठा. नाईक सर विंगेतून तळवा खाली-खाली करून खुणा करत होते. ताईची बोटं किती हलकी पडत होती ते मला तिथूनही दिसत होतं, पण त्या वाद्याला त्याचं काय! मग दुसऱ्या कडव्याला तिने डावा हात पट्ट्यांवरून काढला आणि आवाजाच्या गोल बटणावर ठेवला. काकूंचे शब्द आले की बटण मागे, शब्द संपले की पुढे. भात्यासारखं. गाणं वाचलं. काकूंना टाळ्या मिळाल्या. ताईने उरलेला सगळा कार्यक्रम तसाच वाजवला, एका हाताने.

नंतर चहाच्या वेळी नाईक सर सगळ्यांसमोर म्हणाले, "ताई, राग मानू नका, पण तुमची पेटी काही सुटत नाही. कीबोर्डला दोन हात लागतात हो."

"दोन आहेत, सर," ताई म्हणाली.

लोक हसले. माझ्या हातात बटाटावडा होता. मीही हसलो.

पुढच्या कार्यक्रमाला त्या जागेवर दुसरा वादक होता. पहिल्या कार्यक्रमाच्या दिवशी घरी येताना रिक्षात कीबोर्ड आम्हा दोघांच्या मांड्यांवर आडवा होता, आणि ताई एवढंच म्हणाली, "ते मॉडेल मिळालं असतं ना, तर दाखवलं असतं त्यांना." तेव्हा बोलता आलं असतं. फक्त आम्ही दोघं आणि रिक्षावाला. मी बाहेर बघत बसलो. वर्षभराने आम्ही त्याच दुकानावरून चाललो होतो. ती थांबली. काचेत तोच कीबोर्ड होता, तिने निवडलेला. "अरे, हा तर तोच. परत काढला वाटतं." मी म्हणालो, "काढतात असं कधीकधी." तिने माझ्याकडे पाहिलं. "काढतात का," म्हणाली आणि चालायला लागली. त्या दोन शब्दांचा मी अजून कीस काढतोय. तिला कळलं होतं? की नव्हतं? आणि सगळ्यात चीड आणणारी गोष्ट अशी, की तेव्हा मी तो तिला घेऊन देऊ शकत होतो. पण घेऊन दिला तर आधीचं खोटं उघडं पडेल, म्हणून नाही दिला. एक खोटं सांभाळायला मी तिला दुसऱ्यांदा नाडलं.

स्टेज सुटलं तशी तिने सोसायटीच्या ऑफिसात दुपारी बायकांना शिकवायला घेतलं. भजनं, भावगीतं. आठ-दहा जणी यायच्या. गेल्या रविवारी त्यांनीच मला बोलावलं. ताईचा कीबोर्ड भावोजी त्या बायकांच्या मंडळाला देणार होते आणि तो माझ्या हातून घ्यायचा, असं त्यांचं ठरलं होतं. मी टाळत होतो. भावोजी म्हणाले, "चल रे, त्यांना बरं वाटेल." गेलो तर शाल आणि नारळ! माझा सत्कार. भावोजी पहिल्या खुर्चीवर इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. सूत्रसंचालन करणाऱ्या बाई म्हणाल्या, "असा भाऊ सगळ्यांना मिळो," आणि टाळ्या पडल्या. मग भावनाबेन नावाची तिची जुनी विद्यार्थिनी स्वतःच्या कीबोर्डवर भजन वाजवायला बसली. चांगला कीबोर्ड होता, टचवाला. तिने उजव्या हाताने सुरुवात केली आणि डावा हात आवाजाच्या बटणावर ठेवला. ओळ संपली की पुढे, सुरू झाली की मागे.

मी मध्येच विचारलं, "बेन, याला टच आहे ना? मग बटण कशाला?"

ती म्हणाली, "ताईंनी असाच शिकवला ना. डावा हात कायम आवाजावर. आमी सगळे असाच वाजवतो."

बाकीच्या बायकांनी माना हलवल्या.

मग मी सांगितलं. अंगावर शाल तशीच होती. दुकान, खोका, बंद झालेलं मॉडेल, हॉल, बटाटावडा, सगळं. फार तर पाच मिनिटं लागली असतील. चार वर्षं जे जमलं नव्हतं ते पाच मिनिटांत झालं, आणि ज्या माणसाला सांगायचं होतं ते माणूस सोडून सगळे हजर होते. भावोजी माझ्याकडे बघत नव्हते. तसेच म्हणाले, "पहिलं वर्षभर म्हणायची, माझीच बोटं जड आहेत. गरम पाण्यात बुडवून बसायची."  मी शाल काढून खुर्चीवर ठेवली. सूत्रसंचालन करणाऱ्या बाई ती उचलायला पुढे झाल्या आणि तशाच थांबल्या. कुणी मला बरं-वाईट काही म्हणालं नाही. म्हणायला हवं होतं.

भावनाबेनने डावा हात बटणावरून काढला. एक पट्टी हळू दाबली, मग जोरात, मग पुन्हा अगदी हळू. सूर तसतसा मोठा-लहान झाला. "अरे वा," ती स्वतःशीच म्हणाली. मग मला म्हणाली, "पण भाई, मग ह्या हाताने करायचा काय?" ताईसारखे तीन-तीन सूर मला धरता येत असते तर दाखवलं असतं. तिने तो हात मांडीवर ठेवला आणि भजन पहिल्यापासून सुरू केलं. पहिली ओळ तशीच गेली. दुसऱ्या ओळीला तो हात, तिचं लक्षही नसताना, उठून पुन्हा बटणावर जाऊन बसला.