मामाच्या खिशातल्या गोळ्या

माझ्या मामाइतका फाजील माणूस अख्ख्या साकोलीत नव्हता, हे मी अभिमानानं सांगतो. डॉक्टरांनी त्याला ब्लडप्रेशरची गोळी रोज घ्यायला आणि मीठ कमी करायला सांगितलं. मिठाचं त्यानं ऐकलंच नाही. गोळी आवडली, पण रोज घेणं काही पटलं नाही. म्हणायचा, "डोकं दुखत नाही तं गोळी कायले खाऊ?" ज्याचं डोकं दुखेल त्याला मात्र सुपारी द्यावी तशी खिशातून काढून द्यायचा. धानाच्या रोवण्याला आलेल्या बायांना, बसच्या कंडक्टरला, कुणालाही.

ऐंशी सालानंतरच्या एका उन्हाळ्यात त्याच्या पोराची वरात सिहोऱ्याला गेली. सकाळपासून मामाचं डोकं ठणकत होतं, डोळ्यांपुढं अंधारी येत होती. खिसा चाचपला, तर शेवटची गोळी वाटेत बँडवाल्याला देऊन झालेली.

दुपारी पंगत बसली. मुलीकडच्या बाया रिवाजाप्रमाणे व्याह्याला गाण्यातून शिव्या घालू लागल्या. व्याह्यानं त्याच तालात उत्तर द्यायचं, आणि त्यात मामाचा हात कोण धरणार! सगळे कान टवकारून बसले.

"वाढा," मामा म्हणाला. मग पुन्हा, "वाढा." आणि भाताचा घास तोंडाऐवजी कानाकडे नेला.

मांडव हसून लोळला. मीही. विहीणबाई म्हणाल्या, व्याही भलते सोंगाडे आहेत. तेवढ्यात मामी उठून जवळ आली. त्याचं तोंड एका बाजूला ओघळलेलं तिनं पाहिलं.

"हासू नका जी. हे सोंग नोहोय."

भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, दाब मुकाट्यानं चढत गेला आणि मेंदूतली नस फुटली. बोलणं जिथून येतं तोच भाग गेला. आता रोज गोळी देली तर बोलंन का, मामीनं विचारलं. पुढचं कदाचित टळेल, ते म्हणाले, गेलेलं येणार नाही.

मामी तरी रोज गोळी देत राहिली. मामाकडे तेवढा एकच शब्द उरला. पाणी हवं, वाढा. नाकावर माशी बसली, वाढा. नातू मांडीवर ठेवला, तेव्हाही वाढा. काही वर्षांनी मामी गेली. तिची तिरडी उचलली तेव्हा तोच शब्द तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, आणि सगळा गाव खाली मान घालून उभा होता.

दुसऱ्या सकाळी सुनेनं त्याच्या हातावर गोळी ठेवली. रडून रडून माझं डोकं धरलं होतं, मी कपाळ चोळत बसलो होतो. मामानं माझ्याकडे पाहिलं आणि गोळीचा हात माझ्यापुढं केला.

"वाढा," म्हणाला.